यादी बाईंची, सही बिशपची

मॉर्मन चर्चच्या एखाद्या वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, ‘प्रायमरी’ची अध्यक्ष होणं म्हणजे वर्षभर माणसं शोधत फिरणं. दीड वर्षाच्या बाळांपासून अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत सगळ्यांचे रविवारचे वर्ग तिने चालवायचे. प्रत्येक वर्गावर दोन मोठी माणसं हवीत, असा नियम. शिवाय कुणी पियानो वाजवणारं हवं, कुणी गाणी शिकवणारं हवं, आणि नर्सरीत भोकाड पसरलेल्या पोराला कडेवर घेऊन बाहेर फेऱ्या मारणारंही कुणी हवं. यातल्या एकालाही पगार नाही. मग ती रात्री घरचं आवरून वॉर्डातल्या सभासदांची यादी काढून बसते. कोण नुकतीच बाळंत झाली आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण मुलांत रमतं आणि कोण दहा मिनिटांत वैतागतं, हे तिला पाठ असतं. ती विचार करते, प्रार्थना करते आणि चार-पाच नावं बिशपकडे पाठवते.

काही दिवसांनी उत्तर येतं. पहिली बाई मुलींच्या गटाकडे गेली. दुसऱ्या नावाबद्दल बिशपच्या मनात वेगळंच काही आहे. तिसऱ्याचा विचार चालू आहे. तोवर दोन वर्ग एकत्र करून अध्यक्षबाई स्वतःच शिकवायला उभ्या राहतात. दर वेळी असंच घडतं असं नाही. समजूतदार बिशप पुष्कळ असतात. पण घडलं तर तिच्या हातात विनंतीपलीकडे काही नसतं, आणि चर्चमधल्या बायकांच्या नेतृत्वाचा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. फक्त पुरुषांना मिळणारी पौरोहित्याची दीक्षा त्यांना द्यावी की नाही, यावर गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे. कामाला माणसं कोण नेमणार, हा त्याहून साधा प्रश्न मात्र बाजूलाच पडला आहे.

हा प्रश्न एवढा मोठा का, हे समजायला या चर्चची घडण पाहावी लागते. ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे त्याचं पूर्ण नाव. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने ते स्थापन केलं. आज मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे आणि जगभरात सभासद १ कोटी ७० लाखांच्या वर आहेत. (‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नका, असं चर्चने २०१८ मध्ये आवर्जून सांगितलं, पण वाचकांच्या ओळखीचं तेच आहे, म्हणून इथे तेच वापरलं आहे.) या चर्चमध्ये स्थानिक पातळीवर पगारी पाद्री नाही. वॉर्डाचा बिशप आठवडाभर दंतवैद्य असेल, शाळामास्तर असेल किंवा गॅरेज चालवत असेल. संध्याकाळी आणि रविवारी तो बिशप असतो. साधारण पाच वर्षं तो हे काम करतो आणि मग पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसतो. प्रवचनं सभासदच देतात, वर्ग सभासदच घेतात, हिशेब सभासदच ठेवतात.

पैशावर स्थानिक माणसांचा ताबा नाही. दशांश म्हणून दिलेली रक्कम थेट मुख्यालयात जाते आणि वॉर्डाला खर्चापुरती ठरावीक रक्कम परत मिळते. म्हणजे वॉर्डाच्या हाती खरी संपत्ती एकच, ती म्हणजे माणसांचा वेळ. हा वेळ कोणत्या कामाला लावायचा हे जो ठरवतो, तो वॉर्ड चालवतो.

या नेमणुकीला ‘कॉलिंग’ म्हणतात. त्यासाठी अर्ज करायचा नसतो, ‘मी करते’ म्हणून पुढेही यायचं नसतं. आधी बिशपच्या सचिवाचा फोन येतो, की रविवारी सभेआधी बिशपना जरा भेटाल का. ऑफिसात दोन-चार इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात आणि मग विचारलं जातं, की अमुक जबाबदारी घ्याल का. नाही म्हणता येतं, पण बोलावणं देवाकडून आलंय असं मानणाऱ्या माणसाला ते जड जातं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर नाव वाचलं जातं. पाठिंबा असेल त्यांनी उजवा हात वर करायचा, विरोध असेल त्यांनीही तसंच दाखवायचं. विरोधाचा हात क्वचितच वर जातो. नंतर डोक्यावर हात ठेवून, आशीर्वाद देऊन त्या व्यक्तीला कामावर नेमलं जातं. डोक्यावरचे ते हात पुरुषाचेच असतात.

पद्धत म्हणून यात वाखाणण्यासारखं बरंच आहे. कधी चार माणसांसमोर तोंड न उघडलेली बाई सहा महिन्यांत वर्ग घ्यायला लागते. निवडणूक नाही, त्यामुळे गटबाजी नाही. पदाला चिकटून बसण्याची सोयही नाही, कारण आज अध्यक्ष असलेली बाई उद्या नर्सरीत बाळं सांभाळते आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. समाजसेवी संस्थांनी शिकावं असं हे आहे.

आता नियमपुस्तक उघडून दोन ओळी शेजारी शेजारी ठेवू. वॉर्डातल्या मोठ्या पुरुषांचा गट म्हणजे ‘एल्डर्स क्वोरम’ आणि मोठ्या बायकांचा गट म्हणजे ‘रिलीफ सोसायटी’. दोघांची कामं जवळपास सारखी आहेत, अध्यक्षही दोघांना आहेत. क्वोरमच्या अध्यक्षाला शिक्षक किंवा चिटणीस हवा असला, तर बिशपची मंजुरी मिळाल्यावर तो स्वतः त्या माणसाला बोलावतो, विचारतो आणि डोक्यावर हात ठेवून नेमतो. रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षेला शिक्षिका हवी असली, तर ती नाव सुचवते. मंजुरी बिशप देतो, विचारायला बिशप किंवा त्याचा सहायक जातो आणि हातही तेच ठेवतात. ज्या बाईबरोबर ती पुढची तीन वर्षं काम करणार, तिला ‘येशील का माझ्याबरोबर?’ हे विचारायचा हक्कसुद्धा तिचा नाही.

नावं जिथे पक्की होतात, ती बिशपची बैठक. तिथे बिशप, त्याचे दोन सहायक, क्लार्क आणि सचिव बसतात. हे पाचही पुरुष. बिशपला वाटलं तर तो इतरांना बोलावू शकतो, म्हणजे दार बंद नाही. पण ते उघडायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. वॉर्डाच्या मोठ्या परिषदेत बायका असतात, त्यांचं ऐकूनही घेतलं जातं. मात्र परिषदेत चर्चा होते आणि नावं या छोट्या बैठकीत ठरतात. क्लार्कचं काम सभासदांची नोंद, हजेरी आणि हिशेब ठेवण्याचं. त्याला पौरोहित्य कशाला लागतं, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

सुरुवात अशी नव्हती. १७ मार्च १८४२ रोजी इलिनॉयमधल्या नॉवू गावात, जोसेफ स्मिथच्या विटांनी बांधलेल्या दुकानाच्या माडीवर वीस बायका जमल्या आणि रिलीफ सोसायटी स्थापन झाली. मूळ कल्पना बायकांचीच. देऊळ बांधणाऱ्या मजुरांना सदरे शिवून द्यावेत, असं सारा किंबॉल आणि तिच्याकडे शिवणकाम करणाऱ्या मार्गारेट कुक यांच्या बोलण्यात निघालं, आणि त्यातून मंडळाचा विचार पुढे आला. एलायझा स्नोने रीतसर घटना लिहून काढली. ती वाचून स्मिथ म्हणाला, उत्तम आहे, पण याहून चांगलं काही देतो, आणि मग पौरोहित्याच्या धर्तीवर मंडळाची रचना केली. त्या दिवशी उपस्थितांनीच स्मिथची बायको एमा हिला अध्यक्ष निवडलं आणि आपल्या दोन सहायक एमाने स्वतः निवडल्या. या मंडळाचं इतिवृत्त जपलं गेलं आहे आणि २०१६ मध्ये चर्चनेच ते ग्रंथरूपाने छापलं आहे. म्हणजे बंडखोरांनी उकरून काढलेला हा इतिहास नव्हे.

पुढे स्मिथच्या हत्येनंतर चर्चची सूत्रं हाती घेतलेल्या ब्रिगम यंगने १८४५ मध्ये हे मंडळ बंद केलं. मॉर्मन लोक युटात गेल्यावर तिथे ते पुन्हा उभं राहिलं ते १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, एलायझा स्नोच्या देखरेखीखाली. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं पाहिली की आजच्या वाचकाला नवल वाटतं. १८७२ पासून ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे बायकांनी चालवलेलं नियतकालिक निघत होतं. १८८२ मध्ये बायकांनी ‘डेझरेट हॉस्पिटल’ सुरू केलं. १८७६ पासून एमेलीन वेल्सच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांनी गहू साठवला; हा गहू १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात कामी आला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारला दोन लाख बुशेलांहून अधिक विकला गेला. बाळंतपणाआधी बायका एकमेकींना तेल लावून, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती चाल वरून हळूहळू बंद करण्यात आली.

राजकारणातही या बायका पुढे होत्या. १४ फेब्रुवारी १८७० रोजी सॉल्ट लेक सिटीच्या नगरपालिका निवडणुकीत सेराफ यंग या तरुण शिक्षिकेने मत दिलं, तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक बायकांना मताचा अधिकार मिळायला अजून पन्नास वर्षं होती. मॉर्मनांच्या बहुपत्नीत्वाविरुद्धच्या कायद्याने १८८७ मध्ये वॉशिंग्टनने युटातल्या बायकांचा हा अधिकार काढून घेतला. १८९६ मध्ये युटा राज्य झालं तेव्हा तो परत आला. त्याच वर्षी डॉ. मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आली. देशातली ही पहिली महिला स्टेट सिनेटर. पडलेल्या उमेदवारांत तिचा नवराही होता. तो स्टेकचा अध्यक्ष, म्हणजे अनेक वॉर्डांचा प्रमुख, आणि ही त्याची चौथी बायको. मतपेटीत तिने नवऱ्याला मागे टाकलं, पण चर्चमध्ये तिला साधा क्लार्क होता आलं नसतं. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये तिचा पुतळा बसला.

एमेलीन वेल्सची कथा मात्र जिवाला लागते. वयाच्या ८२व्या वर्षी, १९१० मध्ये ती रिलीफ सोसायटीची अध्यक्ष झाली. तिच्या लगतच्या आधीच्या तिन्ही अध्यक्षा मरेपर्यंत पदावर होत्या, त्यामुळे आपलंही तसंच होईल असं तिने धरलं होतं. एप्रिल १९२१ मध्ये चर्चच्या अध्यक्षांनी तिला पदमुक्त केलं. ती अंथरुणाला खिळली होती, हे खरं. पण हा घाव तिला फार लागला. तीन आठवड्यांनी ती गेली. बायकांचं नेतृत्व पुरुषांच्या मर्जीवर असतं, हे पुन्हा एकदा स्पष्ट दिसलं.

तरीही मंडळाकडे स्वतःचा पैसा होता, स्वतःचं मासिक होतं. जगभरातल्या सभासद बायकांनी पाच-पाच डॉलर देऊन सॉल्ट लेक सिटीत इमारत बांधली, ती १९५६ मध्ये पुरी झाली. मग केंद्रीकरणाचं वारं आलं. सगळे विभाग पौरोहित्याच्या एका छत्राखाली आणायचे, या धोरणात १९७० मध्ये मंडळाची वर्गणी आणि स्वतंत्र खजिना संपला, मासिक त्याच वर्षी बंद झालं, आणि पुढच्या वर्षी चर्चमधली प्रत्येक प्रौढ बाई आपोआप सभासद झाली. आकडा फुगला, आज तो सत्तर लाखांच्या वर आहे. पण वर्गणी भरून, ठरवून सामील होणाऱ्या बायकांचं मंडळ होतं, त्याचा चर्चचा एक विभाग झाला.

याचे परिणाम वरच्या पातळीवरही दिसले. चिएको ओकाझाकी ही हवाईत जन्मलेली जपानी-अमेरिकन शिक्षिका १९९० ते १९९७ या काळात रिलीफ सोसायटीच्या सर्वोच्च मंडळावर होती. त्या मंडळावर बसलेली ती गोरी नसलेली पहिली बाई. १९९५ मध्ये चर्चने कुटुंबाविषयीचा जाहीरनामा काढला. घर, आईपण, नवरा-बायकोच्या जबाबदाऱ्या हाच त्याचा विषय. ओकाझाकीने नंतर एका मुलाखतीत सांगितलं, की मजकूर तयार झाल्यावरच तो आम्हाला कळला, आधी कुणी विचारलं नाही. लाखो बायकांच्या तीन प्रमुख नेत्या एकाच आवारात असताना, आईपणावरच्या मजकुरासाठी त्यांची आठवण होऊ नये, याला काय म्हणावं?

वाद घालणाऱ्यांना चर्चने फार सैल सोडलं नाही. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी लढणाऱ्या सोनिया जॉन्सनला १९७९ मध्ये बहिष्कृत केलं गेलं. २०१३ मध्ये ‘ऑर्डेन विमेन’ ही पौरोहित्य मागणारी चळवळ सुरू करणाऱ्या केट केलीला पुढच्याच वर्षी, जून २०१४ मध्ये बाहेर काढलं. पण याच काळात बदलही झाले. २०१२ मध्ये मुलींचं मिशनरी होण्याचं वय २१ वरून १९ वर आलं आणि तरुण मुली लोटल्या. एप्रिल २०१३ मध्ये चर्चच्या सर्वसाधारण परिषदेत पहिल्यांदा एका बाईने, जीन स्टीव्हन्सने, प्रार्थना म्हटली. १८३ वर्षं लागली त्याला. २०१५ मध्ये मुख्यालयाच्या तीन कार्यकारी परिषदांवर बायका आल्या. २०१९ पासून बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून बायका उभ्या राहू शकतात. आणि २०२० मध्ये संपूर्ण नियमपुस्तक सर्वांसाठी खुलं झालं. त्याआधी त्याचा एक खंड बिशप आणि त्याच्या वरच्या पदाधिकाऱ्यांपुरता होता, म्हणजे ज्या नियमांनी रिलीफ सोसायटीची अध्यक्ष बांधलेली, त्यातले काही तिला वाचायलाच मिळत नव्हते.

या बदलांत एक गोष्ट ध्यानात येते. यातल्या कशालाही दीक्षा लागली नाही. जी बंधनं धर्मतत्त्व म्हणून सांगितली जात होती, त्यातली बरीच नुसती वहिवाट निघाली.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकेत ‘प्यू’ संस्थेने २०११ मध्ये मॉर्मन लोकांची पाहणी केली, तेव्हा बायकांना पौरोहित्य नको म्हणणारे पुरुष ८४ टक्के होते आणि बायका ९० टक्के. केवळ दडपणाखाली त्या असं म्हणाल्या, हे गृहीत धरणं त्यांचा अपमान आहे. अनेकींना बिशपचं ओझं नको आहे. घरी नवऱ्याच्या वाट्याला आलेलं ते त्यांनी जवळून पाहिलेलं असतं. पण ‘पौरोहित्य हवं का?’ हा एक प्रश्न झाला. ‘तुमच्या सहायक तुम्ही नेमाव्यात का?’ हा वेगळा प्रश्न, आणि तो त्या पाहणीत नव्हता. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावून मोकळं होणं सोयीचं आहे, बरोबर नाही.

व्यासपीठावर बसण्यासारख्या किरकोळ गोष्टीतही वरचा हात कसा आडवा येतो, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात दिसलं. तिथल्या काही वॉर्डांत रविवारच्या सभेला बायकांच्या गटांच्या अध्यक्षा बिशपशेजारी पुढे बसत. समोरच्या मुलींना आपल्या नेत्या दिसाव्यात, एवढाच हेतू. २०२३ मध्ये वरिष्ठ पदाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून हे थांबवलं गेलं. त्याच सभेत बाराएक वर्षांचे मुलगे प्रसादाची भाकर वाटत फिरत असतात. त्यांची आई गर्दीत बसलेली असते.

जोसेफ स्मिथच्याच वारशातून निघालेलं दुसरं एक चर्च याच्या बरंच पुढे गेलं आहे. मिझुरीतल्या इंडिपेंडन्स इथलं ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’. त्यांनी १९८४ मध्ये बायकांना पौरोहित्य खुलं केलं. त्यापायी फूट पडली, हजारो सभासद गेले. २०२५ मध्ये स्टॅसी क्रॅम ही त्यांची पहिली महिला अध्यक्ष झाली. सॉल्ट लेक सिटीतले सावध लोक त्या फुटीकडे बोट दाखवतात, आणि त्यांची भीती अगदीच खोटी नाही. म्हणून तर दीक्षेच्या अलीकडच्या गोष्टी आधी व्हाव्यात.

या विषयाला भारतीय धागाही आहे. ह्यू फिंडले हा मॉर्मन मिशनरी १८५२ मध्येच मुंबईत उतरला होता आणि पुण्याच्या छावणीपर्यंत पोचला होता. ते काम टिकलं नाही. आज भारतात या चर्चचे सभासद काही हजारांत आहेत; पहिला स्टेक २०१२ मध्ये हैदराबादला झाला. अशा ठिकाणी हा प्रश्न जास्त बोचतो, कारण वॉर्ड म्हणून मान्यता मिळायला पौरोहित्य असलेल्या कामसू पुरुषांची किमान संख्या लागते. बायका कितीही असोत आणि कितीही राबोत, त्या मोजणीत त्यांची भर पडत नाही.

डॅलिन ओक्स ऑक्टोबर २०२५ मध्ये चर्चचे अध्यक्ष झाले. वडील लहानपणीच गेले. विधवा आईने त्यांना वाढवलं आणि तीच पुढे प्रोव्हो शहराच्या नगर परिषदेवर निवडून गेली. एप्रिल २०१४ च्या परिषदेत याच ओक्स यांनी सांगितलं होतं, की बाई कॉलिंग घेऊन काम करते तेव्हा ती पौरोहित्याच्याच अधिकाराने करते, दुसरा अधिकार तिथे असूच शकत नाही. हे खरं मानलं, तर पुढचं आपोआप येतं. रिलीफ सोसायटी, मुलींचा गट आणि प्रायमरी यांच्या अध्यक्षांनी बिशपच्या मंजुरीनंतर आपली माणसं स्वतः बोलवावीत आणि नेमावीत, जशी क्वोरमचा अध्यक्ष नेमतो. नावं ठरतात त्या बैठकीत त्यांना हक्काची जागा असावी. क्लार्कचं काम ज्याला हिशेब जमतो त्याला किंवा तिला द्यावं. यातल्या एकाही गोष्टीला नवा साक्षात्कार लागत नाही. नियमपुस्तकाचे परिच्छेद तेवढे बदलावे लागतील, आणि २०२० पासून ते कितीतरी वेळा बदललेच आहेत. ओक्स यांनी स्वतःच्या भाषणाचा अर्थ या परिच्छेदांत उतरवावा.